परतीची हमी : विलायतेस जाणाऱ्या आयांचे कागद

१. विषयप्रवेश

या त्रैमासिकाच्या पानांतून आजवर सनदा, महजर, वतनपत्रें, कैफियती, शकावल्या इत्यादि साधनें प्रसिद्ध होत आलीं. ज्यांच्याजवळ जमीन, वतन किंवा शस्त्र होतें त्यांचा इतिहास या साधनांनीं बराच उजेडांत आणला आहे. परंतु ज्यांच्या नांवें कधीं सनद झाली नाहीं, ज्यांनीं दुसऱ्याचीं मुलें कडेवर घेऊन सात समुद्र ओलांडले, आणि जहाजाच्या यादींत ज्यांची नोंद केवळ ‘अमुक बाई व तिची आया’ एवढीच झाली, अशा एका वर्गाच्या कागदांकडे संशोधकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय निव्वळ जुना नाहीं. वृद्धांची व रुग्णांची शुश्रूषा करण्याचें काम मिळवून परदेशीं जाणारे तरुण-तरुणी आज गांवोगांव आढळतात. परदेशांतील मालकानें प्रायोजक व्हावें, त्याच्या पत्रावर त्या देशानें व्हिसा द्यावा, आणि नोकरी संपली कीं राहण्याचा हक्कहि संपावा, अशी या व्यवस्थेची सामान्य घडण आहे. ही घडण आजची वाटते; पण तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न अडीचशें वर्षें जुना आहे. सेवेसाठीं परमुलखांत नेलेल्या माणसाच्या राहण्याची व परतीची हमी कोणीं द्यावी, आणि त्या हमीचा कागद कोणाच्या हातीं असावा? उपलब्ध साधनें पाहतां असें दिसतें कीं, या स्त्रियांचें बरेंवाईट मालकाच्या सज्जनपणापेक्षां या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून राहिलें.

२. ‘आया’ या शब्दाविषयीं

‘आया’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. त्या भाषेंत त्याचा अर्थ मुलांना सांभाळणारी, वळण लावणारी बाई असा आहे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या घरांतून तो रुळला, आणि पुढें इंग्रजांच्या घरांत हिंदुस्थानभर पसरला. मराठींतील ‘आयाबाया’ या जोडशब्दांतील ‘आया’ म्हणजे आई या शब्दाचें अनेकवचन होय. त्याचा याच्याशीं संबंध नाहीं. तथापि दोन्ही शब्द कानाला एकच लागावे, हा योगायोग अर्थाच्या दृष्टीनें अगदींच परका वाटत नाहीं. संस्कृतांत या कामास धात्री, उपमाता असे शब्द आहेत, आणि ‘उपमाता’ या शब्दांत त्या कामाची प्रतिष्ठा व दुय्यमपणा दोन्ही सांठवलेलीं आहेत.

३. कंपनीची अनामत

ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर गबर होऊन विलायतेस परतूं लागले, तेव्हां त्यांच्याबरोबर त्यांचे हिंदी नोकर व आया जाऊं लागल्या. सर जोशुआ रेनॉल्ड्स या प्रख्यात चित्रकारानें इ. स. १७६५ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्ह याच्या कुटुंबाचें चित्र काढलें. तें आज बर्लिन येथील चित्रसंग्रहांत आहे. त्यांत लहान मुलीजवळ एक हिंदी दासी दाखविली आहे. चित्राच्या नांवांत मालकाचें नांव आहे. तिचा उल्लेख नुसता ‘हिंदी दासी’ एवढाच. या वर्गाच्या इतिहासाचें याहून बोलकें साधन क्वचितच सांपडेल.

समुद्रप्रवास तेव्हां कित्येक महिन्यांचा. वाटेंत मुलांना व मालकिणीला सांभाळण्यासाठीं आया हवी असे; किनाऱ्याला लागल्यावर पुष्कळांना तिची गरज उरत नसे. कांहीं कुटुंबें तिला परत पाठवीत, कांहीं दुसऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन करीत, आणि कांहीं सरळ रस्त्यावर सोडून देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी वर्तमानपत्रांतून ‘हिंदुस्थानांत जाणाऱ्या कुटुंबाबरोबर सेवेस येण्यास आया तयार आहे’ अशा जाहिराती छापलेल्या आढळतात. ही नोकरीची जाहिरात खरी. पण तिच्या आड परतीच्या भाड्याची विवंचना आहे. परतीचें भाडें नाहीं म्हणून परतीच्या वाटेवर पुन्हा चाकरी करावयाची, असा तो व्यवहार होता.

निराधार झालेल्या या लोकांचा खर्च कंपनीच्या गळ्यांत पडूं लागला. तेव्हां कंपनीनें, हिंदी नोकर बरोबर नेणाऱ्या साहेबाकडून त्याच्या परतीच्या खर्चाबद्दल अनामत किंवा हमी घेण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडील कागदांच्या भाषेंत हा जामीनकतबाच म्हणावयाचा. परंतु त्यांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या कतब्याचे पक्षकार दोन : कंपनी आणि साहेब. जिच्यासाठीं तो लिहिला गेला ती आया त्यांत पक्षकार नाहीं, साक्षीदारहि नाहीं. तिच्यावर अन्याय झाल्यास त्या कागदाच्या आधारें दाद मागण्याची सोय तिला नव्हती. कंपनीचा खर्च वांचविणें हा त्या कागदाचा मुख्य उद्देश. तिचें रक्षण झालेंच तर तें आनुषंगिक.

४. सुवेझनंतरची मुंबई आणि आयांच्या चिठ्ठ्या

इ. स. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला. आगबोटी नियमित झाल्या, आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. विलायतेच्या वाटेवरचें पहिलें बंदर म्हणून मुंबईचें महत्त्व एकदम वाढलें. उन्हाळ्याच्या तोंडावर गोऱ्या कुटुंबांनीं विलायतेस जावें व पावसाळा सरल्यावर परतावें, असें एक ऋतुचक्रच ठरून गेलें. आणि या चक्राबरोबर फिरणाऱ्या धंदेवाईक ‘प्रवासी आया’ निर्माण झाल्या. इ. स. १९२२ मध्यें एका इंग्रजी मासिकांत अशा एका अनुभवी आयेची हकीगत आली. तिचें नांव मिसेस अँटनी परेरा असें छापलें असून तिनें हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या दरम्यान ५४ वेळां प्रवास केल्याचें तींत म्हटलें आहे. परेरा हें आडनांव आपल्याकडे वसई, मुंबई व गोमंतक येथील ख्रिस्ती समाजांत परिचित आहे. पण तें मद्रास व बंगालकडेहि आढळतें, म्हणून केवळ आडनांवावरून ठावठिकाणा ठरविणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं. मात्र चोपन्न प्रवास करणारी स्त्री अजाण किंवा असहाय नव्हती, आपल्या धंद्यांत ती निष्णात होती, हें त्यावरून निर्विवाद ठरतें. सर्व आया फसवून नेलेल्या होत्या, असें चित्र रंगविणें त्यांच्यावर अन्याय करणारें आहे.

या आयांचें भांडवल म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या. मालकीण नोकरी संपतांना चांगल्या वर्तनाचा दाखला लिहून देई. तो जपून ठेवून आया पुढच्या कुटुंबास दाखवी. आपल्या ‘चिठ्ठी’ या देशी शब्दाचेंच ‘चिट’ हें इंग्रजी रूप याच व्यवहारांतून विलायतेपर्यंत गेलें. ज्या स्त्रियांना बहुधा तो दाखला स्वतः वाचतां येत नसे, त्यांनीं तो कापडांत गुंडाळून देशोदेशीं जपावा, यांत त्या कागदाचें सामर्थ्य दिसतें आणि त्यांची परवशताहि दिसते. दाखल्यांत एक वांकडा शब्द पडला तर पुढची नोकरी बुडालीच.

५. लंडनमधील ‘आयांचें घर’

लंडनमध्यें अडकून पडलेल्या आयांसाठीं आल्डगेट भागांत एक वसतिगृह निघालें. तें १८२५ मध्यें स्थापन झाल्याचें सांगितलें जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें तेथील ज्यूरी स्ट्रीटवर होतें. इ. स. १९०० मध्यें लंडन सिटी मिशन या ख्रिस्ती संस्थेनें त्याचा कारभार हातीं घेऊन तें हॅक्नी येथें किंग एडवर्ड रोडवरील २६ क्रमांकाच्या घरांत नेलें, आणि १९२१ मध्यें तें त्याच रस्त्यावर ४ क्रमांकाच्या घरांत गेलें. वर्षाकाठीं सुमारें शंभर स्त्रिया तेथें उतरत. हिंदी आयांबरोबर चीनकडील ‘आमा’हि असत. मिशनचा धर्मप्रसाराचा हेतु उघड होता व तो त्यांनीं लपविलाहि नाहीं. पण संशोधकास महत्त्वाची वाटावी ती त्या घराची हिशेबाची पद्धत.

ती पद्धत अशी. आयेस घेऊन आलेली मालकीण तिचें परतीचें तिकीट गृहाच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानांत निघालेलें एखादें कुटुंब आया शोधीत आलें, म्हणजे गृहाची अधिकारी बाई, जिला मेट्रन म्हणत, तें तिकीट त्या कुटुंबास विकी. त्या पैशांतून आयेच्या मुक्कामाचा व जेवणाचा खर्च भागे, आणि आया त्या कुटुंबाची चाकरी करीत स्वदेशीं परते. कंपनीचा कतबा व हें तिकीट यांतील फरक बारकाईनें पाहण्यासारखा आहे. तिकीट मालकाच्या कपाटांतून निघून तिऱ्हाइताच्या पेटींत आलें. त्यामुळें मालकिणीचें मन बदललें, ती दुसऱ्या गांवीं गेली, किंवा तिचें दिवाळें निघालें, तरी आयेची वाट बंद होत नसे. दानधर्मापेक्षां या एका साध्या योजनेनें तिचें अधिक रक्षण केलें.

हें तिकीट जेथें नसे तेथें काय होई, याचें उदाहरण १९०८ मधील एका प्रकरणांत सांपडतें. एका कुटुंबानें विलायतेस आणलेली आया स्कॉटलंडांत दुसऱ्या कुटुंबाकडे गेली, आणि अखेर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हातीं एक पौंड देऊन तिला सोडून देण्यांत आलें. प्रकरण इंडिया ऑफिसपर्यंत पोंचलें. चर्चा झाली, हळहळहि व्यक्त झाली. पण आणलेल्या नोकराच्या परतीचा खर्च मालकानें द्यावाच, अशी सक्ती करणारा कायदा हातीं नव्हता. खलाशांच्या बाबतींत १८२३ च्या कायद्यानें निर्वाहाची व परतीची जबाबदारी ठरविली होती. आयांच्या वांट्यास तसें कांहीं आलें नाहीं. निराधार हिंदी व वसाहतींतील प्रजाजनांविषयीं नेमलेल्या कमिटीपुढें १९१० मध्यें गृहाच्या मेट्रननें साक्ष दिली, ती या विषयावरील उत्तम साधनांपैकीं एक आहे. साक्ष मेट्रनची आहे, आयेची नाहीं, हेंहि तितकेंच ध्यानांत ठेवावयास हवें.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर ही प्रवासी आयांची परंपरा संपली. हॅक्नींतील २६ क्रमांकाच्या घरावर जून २०२२ मध्यें इंग्लिश हेरिटेज संस्थेनें स्मृतिफलक लावला. या स्त्रियांच्या इतिहासाचें पहिलें मोठें संशोधन रोझिना विश्राम यांनीं १९८६ मधील आपल्या ग्रंथांत केलें. त्यापूर्वीं हा विषय जवळजवळ अस्पर्शितच होता.

६. तोच प्रश्न, नवे कागद

आया गेली, पण तिचें काम राहिलें. श्रीमंत कुटुंबांबरोबर ब्रिटनमध्यें येणाऱ्या घरकामगारांसाठीं तेथें वेगळी सवलत होती. तींत नोकर एकाच मालकाशीं बांधलेला असे. बराच छळ उघडकीस आल्यावर १९९८ मध्यें त्यांस मालक बदलण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०१२ मध्यें ती काढून घेण्यांत आली. डिसेंबर २०१५ मध्यें जेम्स युइन्स यांचा चौकशी-अहवाल आला, आणि २०१६ मध्यें सहा महिन्यांच्या मुदतीपुरती ती मुभा परत देण्यांत आली. अठरा वर्षांत एकच दार उघडलें, लावलें व पुन्हा अर्धें उघडलें. दार कोणतें? मालक सोडून जातां येण्याचें.

वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं मात्र वेगळी वाट निघाली. ब्रिटननें ऑगस्ट २०२० मध्यें आरोग्य व शुश्रूषा यांसाठीं खास व्हिसा सुरू केला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्यें वृद्धसेवा करणाऱ्या केअर वर्करांस त्यांत घेतलें. या व्यवस्थेंत मालकास आधीं सरकारचा परवाना घ्यावा लागतो. मग तो ठराविक कामासाठीं व ठराविक वेतनावर प्रायोजकपत्र देतो, आणि त्या आधारें सेवकास व्हिसा मिळतो. हजारों हिंदी लोक या वाटेनें गेले. त्यांत प्रामाणिक मालक होते. पण ज्यांच्याजवळ पुरेसें कामच नव्हतें असेहि पुष्कळ निघाले. प्रायोजकपत्र देण्यासाठीं दलालांनीं लाखों रुपये उकळल्याच्या तक्रारी झाल्या. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या अवधींत शुश्रूषेच्या क्षेत्रांतील ४७० हून अधिक परवाने तेथील सरकारनें रद्द केले. परवाना रद्द झाला म्हणजे शिक्षा मालकास. पण त्याच्या पत्रावर आलेल्या सेवकास नवा प्रायोजक शोधण्यास सामान्यतः ६० दिवस मिळतात, नाहींतर देश सोडावयाचा. किंग्ज क्रॉस स्थानकावरचा एक पौंड आणि हे साठ दिवस यांत काळाचें अंतर मोठें आहे, परिस्थितीचें तेवढें नाहीं.

११ मार्च २०२४ पासून या सेवकांस कुटुंब बरोबर नेण्याची बंदी झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून नव्यानें केअर वर्कर नेण्याची ही वाटच बंद झाली. म्हणून आज कोणी ‘ब्रिटनमधील वृद्धसेवेसाठीं प्रायोजकपत्र मिळवून देतों’ असें सांगून येथून माणसें नेऊं पाहील, तर तो बंद झालेल्या दाराची किल्ली विकतो आहे असें समजावें.

७. स्वदेशाकडील हमी

आपल्याकडेहि कायदा आहे. परदेशांत नोकरीस जाणाऱ्यांविषयीं १९८३ चा उत्प्रवासन कायदा असून मजूर पाठविणाऱ्या दलालानें सरकारांत नोंदणी केलेली असली पाहिजे. उमेदवाराकडून त्यानें ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक मोबदला घेऊं नये, अशी मर्यादा आहे. आखातादि १८ देशांस जाणाऱ्या कमी शिक्षितांस उत्प्रवास-संरक्षक नांवाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. असें एक कार्यालय मुंबईंत आहे. २०१५ पासून या देशांस जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी असें ठरविण्यांत आलें. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार केला, त्यांतहि रुग्णसेवेचा समावेश आहे.

या सर्वांत जुन्या कागदांच्या अभ्यासकास विशेष वाटावी अशी एक गोष्ट आहे. घरकामासाठीं अशा देशांस जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतींत २००७ पासून भारत सरकारनें परदेशी मालकाकडून प्रत्येकीमागें २,५०० अमेरिकी डॉलरांची हमी मागण्यास आरंभ केला. म्हणजे कंपनीची अनामतच अडीचशें वर्षांनीं परतली. फरक एवढाच कीं, आतां ती नोकर नेणाऱ्याच्या सरकारानें न मागतां नोकर पाठविणाऱ्या सरकारानें मागितली. मालकांस ती रुचली नाहीं, भरतीचा ओघ दुसऱ्या देशांकडे वळला, आणि कुवेतच्या बाबतींत २०१७ मध्यें ती अट उठवावी लागली. हमी मागणें सोपें. पण एकट्यानें मागितली तर ती टिकत नाहीं.

८. एक प्राचीन नियम

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत दास व कर्मकर यांविषयीं प्रकरण आहे. त्यांत चाकर व मालक यांच्यामधील कामाचा ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांस माहीत असावा, असा नियम सांगितला आहे. तसेंच गहाण पडलेल्या धात्रीवर अत्याचार झाल्यास तिची मुक्तता व्हावी, असेंहि तेथें आहे. त्या काळची समाजव्यवस्था आदर्श होती असा याचा अर्थ नव्हे. दास्य गृहीत धरूनच तो ग्रंथ बोलतो. पण दोन तत्त्वें त्यानें अचूक हेरलीं. ठराव तिऱ्हाइतास ठाऊक असला पाहिजे, आणि धन्यानें मर्यादा ओलांडली तर बंधन सेवकाच्या बाजूनें सुटलें पाहिजे. कंपनीच्या कतब्यांत पहिलें अर्धें होतें, दुसरें मुळींच नव्हतें. हॅक्नीच्या घरांत पहिलें पुरें साधलें. १९९८ च्या मुभेंत दुसरें साधलें. दोन्ही एकत्र व कायम अशीं अद्याप साधलेलीं दिसत नाहींत.

जुन्या कागदांची पारख करतांना आपण मोहोर पाहतों, हस्ताक्षर पाहतों, साक्षी पाहतों. ज्यांच्या घरचीं मुलें-मुली आज शुश्रूषेच्या कामास परदेशीं निघालीं आहेत, त्यांनींहि हीच शिस्त लावावी. मालकाचें नांव त्या देशाच्या परवानाधारकांच्या सरकारी यादींत आहे काय? दलालाची नोंदणी आपल्या सरकारच्या यादींत आहे काय? वेतन, तास, निवास व परतीचें भाडें करारांत लिहिलें आहे काय? मूळ पासपोर्ट कोणाजवळ राहणार? आणि मालक बुडाला तर पुढें किती दिवस? पांचांपैकीं एकाहि प्रश्नास तोंडी उत्तर मिळालें तर तो कागद संशयित धरावा. बनावट सनद ओळखणाऱ्याच्या घरांतून बनावट प्रायोजकपत्र घेऊन कोणी जाऊं नये.

९. संग्राहकांस विनंती

शेवटीं, संग्राहकांस एक विनंती. मुंबई, पुणें, वसई, गोमंतक येथील जुन्या घरांत आयांच्या चिठ्ठ्या, आगबोटींचीं तिकिटें, परदेशाहून आलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, मालकिणींचीं पत्रें अजून पडलेलीं असण्याचा संभव आहे. हीं रद्दींत जाण्यापूर्वीं जमवावीं, त्यांची नक्कल घ्यावी, व कोणत्या कुटुंबांत सांपडलीं याची नोंद करावी. चर्चच्या नोंदवह्यांशीं व जहाजांच्या याद्यांशीं तीं ताडून पाहिलीं तर ‘अमुक बाईची आया’ या नोंदीमागचें एखादें तरी नांव हातीं लागेल.

आजच्या कागदांकडेहि दुर्लक्ष होऊं नये. ब्रिटनचें प्रायोजकपत्र हें वास्तविक कागद नव्हेच. ती सरकारी यंत्रांतील एक क्रमांकित नोंद आहे, आणि तेथील राहण्याचे परवानेहि आतां कागदावरून यंत्रांत गेले आहेत. उद्याच्या संशोधकास हॅक्नीच्या मेट्रनची पेटी सांपडणार नाहीं. म्हणून परदेशीं शुश्रूषेस जाणाऱ्यानें आपला करार, वेतनाच्या पावत्या व पत्रव्यवहार छापून एक प्रत घरीं ठेवावी. आज ती त्याच्या कामास येईल. शंभर वर्षांनीं ती आपल्या कामास येईल. आयांचा इतिहास आज मेट्रनच्या साक्षीवरून लिहावा लागतो. त्यांच्या मागून गेलेल्यांचा तरी त्यांच्या स्वतःच्या कागदांवरून लिहिला जावा.